मेळघाटातल्या गावात दवाखाना बांधायचाय, नकाशा फाडून द्या

ओसरी (१४ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट, ऑफिस अकोल्याला. आजवर बंगले, दोन मंगल कार्यालयं आणि एक शाळा एवढीच मजल. आता एका छोट्या संस्थेने चिखलदरा तालुक्यातल्या एका कोरकू गावात दवाखाना बांधायचं काम दिलंय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. घरं एकशे दहाच्या आसपास. प्राथमिक आरोग्य केंद्र २२ किलोमीटरवर आणि मधे एक नाला. श्रावणात तो फुगला की दोन-दोन दिवस उतरत नाही.

जागा ग्रामसभेने दाखवली आहे. गावाच्या पश्चिम टोकाला, थोडी उताराची, वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. कोरकू गाव ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मधे रुंद सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा, बांबूच्या ताट्यांवर शेणामातीने लिंपलेले कुड, वर कवेलू, म्हणजे कौलं. मी इमारत त्याच रांगेत पुढे ओढली आहे, म्हणजे ती गावातलंच शेवटचं घर वाटेल. आत ओळीने नोंदणी, तपासणी, औषधं, प्रसूतीची खोली, चार खाटांचा वॉर्ड, मागे शौचालय. जोतं आणि खिडकीच्या तळापर्यंतची भिंत काळ्या दगडाची, वर विटा.

अडलंय ते छपरावर. स्लॅब, पत्रा, की बांबूच्या कैच्यांवर कवेलू? माझं मन तिसऱ्यावर आहे. बाकी नकाशावरही हात चालवा, वाईट वाटून घेणार नाही.

काटकोन (१४ नोव्हेंबर)

बांबू करणार असाल तर आत्ताच ठरवा, कारण तोडणीचा हंगाम हाच. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्ट कमी असतं, म्हणून घुण कमी लागतो. वैशाखात घाईघाईने तोडलेल्या बांबूतून वर्षभरात पिठूळ भुसा गळायला लागतो, तोही नेमका खालच्या खाटेवर.

तुमच्याकडे मिळेल तो मानवेल. जवळजवळ भरीव असल्याने कैचीला उत्तम, पण भरीव आहे म्हणूनच औषध आत मुरायला वेळ घेतं. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवा, आठवडा-दहा दिवस तरी, आणि मग सावलीत उभे करून वाळवा. पेऱ्याजवळ बारीक छिद्रं पाडली तर काम लवकर होतं. हे मीठ पाण्यात विरघळतं, तेव्हा बांबू पावसात भिजता कामा नये: वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा आणि खांब जमिनीत कधीही गाडू नका, दगडी उथळ्यावर उभे करा.

लांब जायची गरज नाही. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथल्या कारागिरांचे हात बघून या, मग नकाशाला हात घाला.

सिपनाकाठ (१५ नोव्हेंबर)

मी त्याच भागातला, कोरकूच. अमरावतीत शिकतो. नाव सिपना नदीवरून घेतलं. आमच्या भाषेत सिपना म्हणजे सागवान.

ओसरी सर, राग मानू नका, पण एक सांगा. तुमचं अकोल्याचं घर कवेलूचं आहे काय? आमच्या घरावर आहेत. दरवर्षी मिरगाच्या आधी फेरावे लागतात. वानरांची टोळी एकदा वरून उड्या मारत गेली की शे-दीडशे फुटतात. घरच्या माणसाला आपल्या घराचे कवेलू फेरायला वेळ मिळत नाही, दवाखान्याचे कोण फेरेल? गावात विचाराल तर सगळे म्हणतील स्लॅब. पोरं म्हणतील, म्हातारे पण म्हणतील. तुम्हा लोकांना आमचं घर फोटोत लई आवडते. आम्हाला न गळणारं पाहिजे.

टिंगलटवाळ (१५ नोव्हेंबर)

स्लॅब टाका, वर कवेलू चिकटवा, उद्घाटनाला बांबूचं तोरण. सगळे खूश. (हलकेच घ्या.)

स्टेथो (१५ नोव्हेंबर)

डॉक्टर म्हणून माझं छपराबद्दल एकच म्हणणं: पत्रा नको. सातपुड्यातल्या एका केंद्रात मी बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष काढलं. जुलैच्या पावसात पत्र्याखाली पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला बसायचो आणि ऐकू यायचं ते फक्त छप्पर. न्यूमोनियाच्या लेकराची छाती ऐकणं तर सोडूनच द्या. श्वास डोळ्यांनी मोजायचो.

दुसरं, क्षयरोग. खोकणारा माणूस बंद नोंदणी-खोलीत तासभर बसवायचा आणि शेजारी गरोदर बाई, ही रचना मी जिल्हाभर पाहिली आहे. प्रतीक्षेसाठी खोली काढूच नका, पडवी काढा, तीन बाजूंनी उघडी. तपासणीच्या खोलीला समोरासमोर खिडक्या हव्यात आणि छताजवळ झरोके, म्हणजे थंडीत खिडक्या लावल्या तरी गरम हवा वरून निघून जाईल. तुमच्या नकाशात वॉर्डच्या सगळ्या खिडक्या एकाच भिंतीला आहेत. वारा आत येईल, पण जाईल कुठे?

प्रसूतीची खोली मात्र याच्या उलट. तिथे झोताचा वारा नको, नवजात बाळ गारठतं. खिडकी उंचावर, उजेड भरपूर, वारा बेताचा.

जुनी सिस्टर (१६ नोव्हेंबर)

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स होते, आता निवृत्त. एकतीस वर्षांपैकी चौदा डोंगरातल्या उपकेंद्रांवर गेली. कुठल्या ते सांगत नाही. छपरावरची चर्चा वाचली. चांगली चालली आहे, पण ओसरी, तुमच्या नकाशात मी राहायचं कुठे?

खरंच विचारते. नोंदणी आहे, औषधं आहेत, खाटा चार आहेत. सिस्टरची खोली नाही. "सिस्टर मुक्कामाला राहत नाही" अशी बोंब सगळे मारतात, पण मुक्कामाची खोली कुणी बघितलेली नसते. मला एका ठिकाणी खोली मिळाली होती. संडास अंगणापलीकडे, मधे मोहाचं झाड. चैत्रात मोह गळायला लागला की पहाटे त्या झाडाखाली अस्वल येतं. मी तीन महिने रात्री पाणीच पीत नव्हते. दाराला एक कडी, तीही बाहेरून हिसका दिला की निघायची. दारू प्यालेला माणूस मध्यरात्री खरोखर बायकोसाठी आलाय की कशासाठी, हे दार न उघडता कळायला एक झडप लागते. ती झडप मी स्वतःच्या पैशाने सुताराकडून करून घेतली. तिथे मी सात महिने टिकले आणि मग खालच्या गावात भाड्याने राहिले. रजिस्टरमध्ये मुक्काम लिहीत होते. खोटं होतं ते.

आता दुसरं. पेशंट कधी एकटी येत नाही. बाळंतीण आली की सासू, नवरा, आधीचं एक लेकरू, शेजारीण आणि कधीकधी कोंबडीसुद्धा. सगळे मुक्कामाला, आणि त्यांना चूल लागते. मी नवी असताना एका पावसाळी रात्री त्यांनी माझ्या प्रसूतीच्या खोलीच्या पायरीवर तीन दगड मांडून चूल पेटवली. धूर आत. मी खवळले आणि भांड्यासकट बाहेर काढलं. बाळंतपण नीट झालं, आई-मूल घरी गेलं. दोन वर्षांनी त्याच बाईचं पुढचं बाळंतपण घरीच झालं. का आली नाहीस म्हणून विचारलं तर सासू म्हणाली, तिथे आम्हाला पेज शिजवू देत नाहीत. बस, एवढंच कारण. औषध, सुई, अंधश्रद्धा काही नाही. पेज.

चार खाटांऐवजी दोनच करा. उरलेल्या जागेत मोठी ओसरी, एक चुलीची शेड, पाणी, आणि दहा माणसं आडवी होतील एवढं शेणाने सारवलेलं जोतं. आमच्या आदिवासी भागात प्राथमिक केंद्रांना जोडून "माहेरघर" ही सरकारी योजना आली, दिवस भरत आले की बाईने आधीच येऊन राहायचं. कल्पना सोन्यासारखी. जिथे स्वयंपाकाची नीट सोय होती तिथे बायका राहिल्या.

आणखी एक, लिहायला जरा अवघड. वार, म्हणजे बाळामागून पडते ती. पुष्कळ घरी ती आपल्या हाताने पुरायची असते. आपण ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतो आणि त्यांना वाटतं काहीतरी चोरलं. मी स्वच्छ मडक्यात घालून बाहेर आजीच्या हातात देत असे. नियमात बसतं का मला माहीत नाही, मी देत असे.

काटकोन (१६ नोव्हेंबर)

सिस्टर, साष्टांग. माझा बांबूचा प्रतिसाद आता पोरकट वाटतोय.

स्टेथो (१६ नोव्हेंबर)

वारेबद्दल: २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत दुर्गम भागासाठी खोल पुरणीची सोय आहे, परवानगी घेऊन. खड्डा दोन मीटर खोल, कचऱ्याने अर्ध्यापर्यंतच भरायचा, वरच्या ५० सेंटिमीटरपर्यंत चुना आणि मग माती. विहिरीपासून व वस्तीपासून लांब. सुयांचा खड्डा वेगळा. या दोन्ही गोष्टी नकाशात आज दाखवल्या नाहीत तर नंतर त्या चुलीच्या शेडमागेच येतात. आजीच्या हातात देण्याबद्दल मी काही वाचलेलं नाही.

ओसरी (१७ नोव्हेंबर)

कालपासून गप्प होतो कारण सिस्टरांचा प्रतिसाद घरी बायकोला वाचून दाखवला आणि ती म्हणाली, तू मंगल कार्यालयातसुद्धा आचाऱ्याची खोली विसरला होतास. खरं आहे.

नवा नकाशा असा. मधे अंगण. पूर्वेला, रस्त्याच्या बाजूने, उघडी पडवी आणि तपासणी. उत्तरेला प्रसूतीची खोली, तिला लागून दोन खाटा. दक्षिणेला नातेवाइकांची ओसरी आणि टोकाला चुलीची शेड. वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून शेड पूर्वेकडच्या कोपऱ्यात सरकवली, धूर इमारतीवरून जायला नको. सिस्टरची दोन खोल्यांची जागा पश्चिमेला, संडास-मोरी आतच, आणि तिथून प्रसूतीच्या खोलीपर्यंत छपराखालून जाता येईल असं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्राममध्ये गोंड लोकांना विचारून दवाखाना केला, वॉर्डऐवजी झोपड्या, नातेवाइकांसकट राहायच्या, आणि नाव देवीचं, माँ दंतेश्वरी. ते मी कॉलेजात स्लाइडवर पाहिलं होतं. तेव्हा झोपड्यांचा आकार लक्षात राहिला, त्या कशासाठी होत्या ते नाही.

छप्पर: सिपनाकाठ जिंकले. चार मुख्य खोल्यांवर स्लॅब, वर चुन्याचा पांढरा थर, नाहीतर मे महिन्यात आत भट्टी होईल. पडवी, ओसरी, शेड यांवर बांबू आणि कवेलू. फुटले तर औषधं भिजणार नाहीत.

वनपट्टा (१८ नोव्हेंबर)

जागा ग्रामसभेने दाखवली म्हणता, पण कागदावर ती गावठाणात आहे का वनात? मेळघाटात डोळ्याला पडीक दिसणारी जमीन नोंदीत वनजमीन निघते आणि जोत्यापर्यंत आलेलं काम थांबतं.

वनात निघाली तरी घाबरू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी अशा तेरा सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरच्या आत, वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. मात्र ही सोय सरकारने करायच्या सुविधांसाठी आहे. तुमचं काम संस्थेचं, तेव्हा जमीन आणि इमारत कुणाच्या नावावर राहणार हे आधी सोडवा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असाल तर आणखी कागद.

आणि ११० घरांवर सरकारी उपकेंद्र मागायला जाऊ नका, मिळणार नाही. डोंगरी-आदिवासी भागातला निकषच ३,००० लोकसंख्येमागे एक असा आहे, सपाटीवर ५,०००. डोंगरात ३,००० माणसं गोळा करायला किती नाले ओलांडावे लागतात हे त्या निकषात नाही.

उंटावरून (१८ नोव्हेंबर)

मूळ मुद्दाच विचारतो. इमारत कशाला? त्याच बंग दांपत्याने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. त्याला ना स्लॅब लागला ना बांबू. तेवढे पैसे चार बायकांच्या मानधनात घाला.

जुनी सिस्टर (१८ नोव्हेंबर)

तुमचं अर्धं बरोबर आहे. बाळाला न्यूमोनिया झाला तर घरात गोळी-इंजेक्शन देणारी शिकलेली बाई हवी, इमारत नको. पण आईला रक्तस्राव लागला आणि नाला भरलेला असला, तर सलाइन टांगायला खिळा, हात धुवायला पाणी आणि बघायला उजेड असलेली एक जागा लागते. घरातल्या चिमणीच्या उजेडात मी ते करून बघितलंय. पुन्हा करणार नाही.

मानधनाचं म्हणणं मात्र ओसरींनी संस्थेच्या कानावर घालावं. गावातल्या दोन मुली आत्ताच निवडा आणि शिकायला पाठवा. इमारत वर्षात होईल, मुलगी तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात.

स्टेथो (१९ नोव्हेंबर)

+१. तमिळनाडूत सित्तिलिंगीला डॉ. रेजी आणि डॉ. ललिता यांनी १९९३ मध्ये एका झोपडीत सुरुवात केली आणि खोऱ्यातल्याच मुलींना परिचारिका म्हणून तयार केलं. इमारती मागून आल्या.

रोहित्र (१९ नोव्हेंबर)

विजेचं कुणी बोललंच नाही. सौरऊर्जेवर सगळं चालवायचा हट्ट धरू नका. बाळाचा वॉर्मर पाचशे-सहाशे वॅट खातो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५०. रात्रभर, म्हणजे आठ तास चालला तर २.८ युनिट. त्यात दिव्यांचं मिळवून तेवढीच बॅटरी धरा आणि ती फक्त कॉन्सन्ट्रेटर व दिव्यांसाठी राखून ठेवा. दिव्यांची लाइन वेगळी काढा, नाहीतर गावातले मोबाइल चार्जिंगला लागतात आणि रात्री दोनला प्रसूतीच्या खोलीत अंधार. चार्जिंगसाठी पडवीत स्वतंत्र छोटं पॅनेल द्या. देणार नाही म्हणालात तरी लोक वायर ओढतीलच. तळपता उन्हाळा आहे, वळिवात विजाही पडतात. वीजवाहक दांडा आणि नीट अर्थिंग विसरू नका.

लसींचा फ्रीज ठेवायचा मोह टाळा. दोन ते आठ अंशांची साखळी २२ किलोमीटरवरच्या केंद्रात आहे, तिथून लसीकरणाच्या दिवशी कॅरिअर येऊ द्या.

स्टेथो (१९ नोव्हेंबर)

वॉर्मर नसला तरी चालेल. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीला उघडं बांधून ठेवणं, कांगारू पद्धत, याला फक्त एक आरामखुर्ची, आडोसा आणि ऊब लागते. त्या दोन खाटांशेजारी तेवढा कोपरा काढा.

काटकोन (२० नोव्हेंबर)

पाणी. हापसा मार्चनंतर रुसतो असं गृहीत धरा. छप्पर १४० चौरस मीटर धरू. पाऊस नुसता एक मीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी १,१२,००० लिटर हाती येतं. रोज ५०० लिटर, मार्च ते मे नव्वद दिवस: ४५,००० लिटरची टाकी पुरे. ती अंगणाखाली बांधा, उतार आहेच. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायला वेगळी तोटी ठेवा, वानरांची विष्ठा टाकीत नको. आणि टाकीचं झाकण लहान मुलाला उचलता येणार नाही असं.

सिपनाकाठ (२४ नोव्हेंबर)

दिवाळीनंतर गावाकडे गेलो नव्हतो, या रविवारी गेलो. ओसरी सरांची जागा पाहून आलो. तीन गोष्टी.

एक, जागेच्या मागे जो मोठा आंबा आहे त्याच्या खाली आमचे मुंडे आहेत. म्हणजे मेलेल्या माणसांच्या नावाचे लाकडी खांब, चंद्र-सूर्य कोरलेले. तिकडे खड्डा, टाकी, संडास काही नेऊ नका. नकाशात तिथे "वृक्ष" एवढंच लिहिलंय.

दोन, काम होळीच्या आत जोत्याच्या वर न्या. होळीला बाहेरगावी कामाला गेलेले सगळे परत येतात, मग पाच दिवस फगवा, कोणी फावडं धरणार नाही. पण त्याच्या आधी गावात मजूर कुठे? दिवाळी झाली की अर्धं गाव हरभरा-गव्हाच्या कामाला खाली जाते. ठेकेदार म्हणेल इथले लोक आळशी. मजुरी दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी हातात द्या, लोक थांबतात.

तीन, भुमका, म्हणजे आमचा गावातला वैदू-मांत्रिक. म्हातारा विचारत होता, माझ्याकडे येणाऱ्याला तुम्ही हाकलणार काय. मी काही बोललो नाही. तुम्ही सांगा.

जुनी सिस्टर (२४ नोव्हेंबर)

त्याला पहिल्या दिवशी बोलवा आणि पडवीत बसायला द्या. लेकराच्या पोटाला तापल्या लोखंडाचा डंबा द्यायचा नाही, यावर मात्र माघार नाही. ते मी त्याच्या तोंडावर, त्याच्याच अंगणात बसून सांगत असे. बाकी त्याने मंत्र म्हटला तर माझं काय जातं? एका भुमक्याने मला स्वतः तापाचे पेशंट पाठवलेत, म्हणाला हे माझ्या हातचं नाही.

ओसरी (८ डिसेंबर)

ताजी खबर. वनपट्टा यांचा सल्ला ऐकून नोंद काढली. जागा गावठाणातच आहे, पण मागची एक पट्टी वनात जाते, म्हणून इमारत पुढे ओढली. मुंड्यांपासून चाळीस फूट सोडले.

मग जमिनीवर चुन्याने पूर्ण मापाचा नकाशा आखला आणि बायकांना आत चालायला सांगितलं. पुरुष बाजूला विड्या फुंकत होते. एक आजी चुन्याच्या "दारातून" आत आली, वळली, बाहेर गेली आणि दुसरीकडून परत आली. मग कोरकूत काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. सिपनाकाठांनी सांगितलं: कळा देणारी बाई सगळ्या गावासमोरून, पडवीतल्या पुरुषांमधून नेणार का, असं म्हणते. प्रसूतीच्या खोलीला उत्तरेकडून स्वतंत्र दार काढलं. जागेवरच चुना पुसून.

दुसरी बाई चुलीच्या शेडमध्ये बसून बघत होती. म्हणाली, इथून बाळंतिणीच्या खोलीचं दार दिसत नाही. स्वयंपाक करता करता दिसायला हवं. शेडची भिंत कमरेपर्यंत खाली आणली.

गवंडी संक्रांतीनंतर लागतील. बांबू तोडून झालाय, हौदात पडलाय.

सिस्टर, तुमच्या खोलीच्या दाराचं माप आणि कडी-झडप लिहून द्याल का? सुतार विचारतोय.

जुनी सिस्टर (८ डिसेंबर)

दार सागाचं, आत उघडणारं. कड्या दोन, आतून: एक हाताशी, एक वर. आडणा ठेवा. झडप डोळ्यांच्या उंचीला, तळहाताएवढी, सरकणारी, बाहेरून हात घालता येणार नाही अशी. दारावर दिवा हवा आणि त्याचं बटण आत. पायरीजवळ एक घंटा टांगा, दोरी बाहेर. लोकांना दार बडवायची सवय असते, घंटा असली की वाजवतात.

माझी उंची पाच फूट आहे. झडप करताना येणाऱ्या मुलीची उंची विचारून घ्या.